भंगारात गेलेला कंप्युटर

आमचे जावई चहा दहादा फुंकून पितात, पण खोटं बोलताना त्यांची जीभ भाजत नाही.

माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानातल्या कंप्युटरवर नवी सिस्टीम टाकायची होती. "आई, यात सुरक्षेची चिपच नाही, नवी सिस्टीम चढणार नाही. आता हे भंगारच," म्हणत त्यांनीच तो उचलून नेला. त्यांच्या लग्नाची पत्रिकाही मी त्याच्यावरच तयार केली होती. तो गेल्यापासून माझं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातंय.

काल लेकीकडे गेले, तर टेबलावर तोच कंप्युटर! दसऱ्याला मी लावलेली हळदीकुंकवाची बोटं त्याच्या पाठीवर तशीच. लेक कौतुकानं म्हणाली, "अगं आई, चिप आतच होती, नुसती बंद होती. यांनी चालू केली आणि नवी सिस्टीम बसलीसुद्धा!"

जावई चहा फुंकत राहिले.

मी पदर खोचून उठले. "जावईबापू, तोंडानं मागितला असतात, तर धोंड्याच्या महिन्यात वाण म्हणून ओवाळून दिला असता. भंगार म्हणून नेलात ना? मग आजपासून माझ्या दारात भंगारवाल्यासारखी बाहेरूनच हाक मारायची."