पिवळी रेघ

"हा पाइप सुटला तर काय होईल, दादा?"

मिस्त्रीचा हात जागच्या जागी थांबला. तो गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. बंपर काढून भिंतीला टेकवलेला, आणि रेडिएटरच्या पुढे हवा गार करणारा नवा इंटरकूलर नुकताच पट्ट्यांवर बसलेला. वारा थेट त्याच्यावर आदळावा म्हणून मिस्त्रीने जाळीमागचं प्लास्टिक सकाळभर खपून कापलं होतं.

"का सुटेल? मी बसवलाय."

"तसं नव्हे रे. समजा."

"फट् करून आवाज होईल. टर्बो जी हवा दाबून इंजिनात भरतो ती बाहेर जाईल. चढावर गाडी म्हातारीसारखी धापा टाकत थांबेल, बस."

"ब्रेक? स्टिअरिंग?"

"त्यांना धक्का नाही."

धाकटा भाऊ हसला, पण त्याचा पाय मघापासून हलत होता. याला वास लागला की काय, मिस्त्रीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगररस्त्यावर धाकट्याची शर्यत होती. समोर पैलवान, म्हणजे टायरच्या दुकानाचा मालक. "दादाच्या कडेवर बसून गाडी चालवतोस का रे?" असं त्याने चारचौघांत विचारलं, आणि धाकटा तिथल्या तिथे शब्द देऊन बसला. त्याच रस्त्याच्या तिसऱ्या वळणावर गेल्या वर्षी त्यांच्या मामेभावाची गाडी खाली दरीत गेली होती. मामीने त्याचे बूट अजून दाराबाहेरून हलवले नव्हते.

आई मिस्त्रीला म्हणाली होती, "तू थांबव त्याला. माझं ऐकायचे दिवस गेले त्याचे."

मिस्त्रीने थांबवून पाहिलं. "तू नाही बसवलास तर दुसरीकडे बसवून घेईन," धाकटा म्हणाला. मग मिस्त्रीने काम घेतलं. आपल्या हातात असलेलं बरं.

"छोट्या, आई हाक मारतेय बघ."

"मला नाही ऐकू आली."

"तुला कधी येते? जा."

धाकटा आत गेला. मिस्त्रीने लाल मुठीचा छोटा पाना उचलला. इंटरकूलरला दोन पाइप: डावीकडून गरम हवा आत येते, उजवीकडून गार होऊन इंजिनाकडे जाते. उजवीकडचा पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प त्याने दोन्ही हातांनी आवळला. डावीकडचा आवळला, आणि मग हळूच सैल केला. बोटाने हलवून पाहिला. हलत होता.

त्याचे कान तापले. इतक्या वर्षांत त्याच्या हातून मुद्दाम एक आटा ढिला राहिला नव्हता.

धाकटा परत आला तेव्हा मिस्त्री रंगाचा पेन घेऊन बसला होता. आवळलेल्या प्रत्येक क्लॅम्पवर, स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत, तो एक पिवळी रेघ ओढत असे. स्क्रू फिरला की रेघ तुटते. कुणाचा हात लागला ते लपत नाही. त्याने उजवीकडे खरी रेघ ओढली. डावीकडे खोटी.

"बंपर चढवल्यावर इथे हात जातो का?" धाकट्याने विचारलं.

"कशाला जायला हवा?"

"बापरे, डाफरतोस काय! शिकतोय मी."

"उजवीकडे जातो, खालच्या फटीतून. डावीकडे नाही."

धाकट्याने मान हलवली. संध्याकाळी ताटातलं त्याने नुसतं चिवडलं. "एवढ्यातच पोट भरलं शर्यतवीराचं?" आई म्हणाली. कुणी हसलं नाही.

पहाटे मिस्त्रीने हत्यारांची पेटी उपसली. "माझा लाल पाना कुठे गेला?"

"तुझ्याच खिशात असेल," धाकटा गाडीत बसत म्हणाला. "दादा..."

"काय?"

"काही नाही. आईला सांग, लवकर येतो."

मिस्त्री पहिल्या वळणावर जाऊन उभा राहिला. खालून दोन इंजिनं एकमेकांवर गुरगुरत वर आली. दोन्ही गाड्या त्याच्या अंगावर वारा टाकून निघून गेल्या. धाकट्याची गाडी थांबली नाही. दुसऱ्या वळणाकडे आवाज चढत गेला. क्लॅम्प धरून राहिला की काय? मिस्त्री धावत सुटला. मामीच्या दारातले बूट त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागले.

फट्!

मग एकाच इंजिनाचा आवाज लांब जात राहिला.

तो पोचला तेव्हा धाकटा दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, कडेला लावलेल्या गाडीला टेकून उभा होता. धडधाकट. थोड्या वेळाने पैलवान वरून फिरून आला, मागोमाग वर थांबलेली मंडळीही उतरली.

"दादा, हे काय काम केलंस!" धाकटा सगळ्यांदेखत ओरडला. "पाइप सुटला!"

"मिस्त्रीबुवा," पैलवान खो खो हसला, "भावाला तुम्हीच हरवलंत की! तुमच्याकडे गाडी टाकायची म्हणजे चाकं तरी मोजून घ्यावी लागतील."

मिस्त्रीने मान खाली घातली. गावभर होणार होतं ते होऊ दे. शब्दांनी अंगाला भोकं पडत नाहीत.

गाडी दोरीने ओढत गॅरेजात आणली. "आज राहू दे ना, दादा," धाकटा म्हणाला. "दमलायस. उद्या बघ."

"तू घरी जा. आईला तोंड दाखव."

तो गेल्यावर मिस्त्रीने दार लोटून घेतलं. कुणी पाहायच्या आत तो ढिला क्लॅम्प आवळून टाकायचा होता. त्याने बंपर काढला आणि डावीकडे हात घातला.

डावीकडचा पाइप जागेवरच होता. सैल क्लॅम्प अजून हलत होता, पण पाइप तसूभरही सरकला नव्हता. खोटी रेघ अखंड होती.

लोंबत होता तो उजवीकडचा. त्याच्या क्लॅम्पवरची खरी रेघ मधोमध तुटली होती, आणि काढून ठेवलेल्या बंपरच्या खोबणीत लाल मुठीचा पाना पडला होता.