आतले राखणदार

इन्शुलिनच्या पेनचं टोपण टक् करून निघालं. मघापासून घरात तेवढाच आवाज झाला. सात वर्षांच्या ओवीनं शाळेचा शर्ट पोटावर गच्च धरला.

"आधी सांग. माझ्याच शरीरानं माझं इन्शुलिन बंद का केलं?"

तिची आई मयूरी इस्लामपुरात अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवायची. साठ पोरांपुढं कधी अडली नव्हती. "आबा मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात ना, आपली ओळखू यावीत म्हणून? तशी शरीराचीही खूण असते. खूण नसलेलं दिसलं की आतले राखणदार धावून जातात. तुझ्या वेळी ते चुकले. इन्शुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींना परकं समजले."

ओवीनं शर्ट आणखी खाली ओढला. "म्हणजे मी त्यांना ओळखूच आले नाही."

बोललेलं गिळता आलं असतं तर मयूरीनं गिळलं असतं. नाष्टा झाकलेला होता. सुईशिवाय घास देता येत नव्हता.

मयूरीचे सासरे, आबा, कळप धाकट्या मुलाकडं सोपवून आटपाडीहून चार दिवसांसाठी आले होते. दाराशी बसून ऐकत होते. "राखणीचं कुत्रं रंग बघत न्हाई, पोरी."

"आबा, पुस्तकात तसंच दिलंय."

"आसंल. आमच्या कुत्र्यानं वाचलं न्हाई." ते नातीकडं वळले. "दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू आमच्यात घुसतं, तवा ते डोळाबी उघडत न्हाई. पर एखादं मेंढरू कळवळून वरडलं, की उठलंच. त्या तावात कवा कवा आपल्याच मेंढराला चावतं."

मयूरीला वर्गातला धडा आठवला. आपलं-परकं काही नसतं, शरीर दुखापतीची हाक ऐकून धावतं, असं म्हणणारेही शास्त्रज्ञ होतेच. परीक्षेला येत नाही म्हणून ती वर्गात त्यांना दोनच मिनिटं द्यायची. ओवी पोटात होती तेव्हा निम्मी बापाची, म्हणजे निम्मी परकीच होती की. नऊ महिने कुणी भुंकलं नव्हतं.

"म्हणजे ते माझ्यावर चिडलं नव्हतं?"

"न्हाई गं बाय. वाचवायलाच धावलं हुतं."

शर्ट हळूहळू वर सरकला. मयूरीनं सुई टोचली, दहापर्यंत मोजलं, काढली. ओवीनं तिथं तळवा ठेवला आणि काहीतरी ऐकू येतंय का बघावं तशी मान खाली घातली.

"आई, मग माझ्या आत कोण ओरडलं होतं?"