पाचर
दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बेलापुरात रंभाजीच्या पिठाच्या गिरणीपुढे रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या डब्यांची रांग लागलेली असे. व्होल्टेज पडलं की भिंतीवरचा स्टार्टर मोटार बंद करायचा, आणि वीज सुधारली तरी कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय ती पुन्हा सुरू व्हायची नाही. त्या दुपारी मोटार अकरा वेळा थांबली. "सकाळपासनं उभं हाय आमी, घरी पोरं उपाशी हायेत," रांगेतली एक बाई करवादली. रंभाजी मागच्या खोलीत होता. त्याची बायको गोजरबाई वैतागून उठली, हिरवं बटण तिने आत दाबलं आणि ते तसंच राहावं म्हणून फटीत लाकडाची पाचर ठोकली. थोड्या वेळाने व्होल्टेज पुन्हा पडलं आणि मोटार थांबली. रंभाजी बाहेर आला तर पट्टा चाकावरून सरकलेला. थांबलेली मोटार आपण होऊन फिरत नाही, या इतक्या वर्षांच्या भरवशावर त्याने पट्ट्याला हात घातला. पीठ भरून देणारी गोजरबाई "अवं, थांबा!" म्हणेपर्यंत व्होल्टेज आलं होतं. चौथ्या दिवशी नगरच्या दवाखान्यात एक सरकारी साहेब रंभाजीचा अपघाताचा जबाब घ्यायला आला. "बटणात पाचर कुणी ठोकली?" गोजरबाई खाटेजवळून पुढे झाली. "साहेब, ती पाचर..." "मीच ठोकली," रंभाजी म्हणाला आणि उरलेल्या हाताने त्याने तिचं मनगट आवळलं. साहेब गेला तरी त्याने ते सोडलं नाही, आणि तिच्याकडे पाहिलंही नाही.