बदली गायिका

पडदा वर जायच्या आधी एक गृहस्थ रंगमंचावर आले. राणीच्या दाईचं काम करणारी गायिका आजारी पडल्याचं त्यांनी सांगितलं. तिच्या जागी आज रोहिणी गाणार होती. थिएटरच्या पडद्यावर खाली तिचं नाव आलं, आडनावासकट.

उज्वलानं ते दोनदा वाचलं.

थिएटरात जेमतेम तीस माणसं होती. हॉलंडमध्ये दुपारचा प्रयोग, इथं नाशकात रविवारची संध्याकाळ. तीनशे वर्षांपूर्वीचा हा ऑपेरा थेट प्रक्षेपणानं इथंही दाखवावा म्हणून उज्वलाच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, थिएटरच्या मॅनेजरकडे चार महिने खेटे घातले होते. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीतल्या सहा जणांना त्यानं आग्रह करून आणलं होतं. त्याला स्वतःला भजनापलीकडे गाणं फारसं कळत नसे. बायकोला आवडतं, एवढं त्याला पुरे होतं.

"आपण घरी जाऊ या का?" त्यानं हळूच विचारलं.

"नको. मी गाणं ऐकायला आलेय."

सत्तावीस वर्षांपूर्वी उज्वला आणि रोहिणी शरणपूर रोडला एका म्हाताऱ्या मिसकडे पाश्चात्त्य गाणं शिकायच्या. उज्वला येवल्याच्या विणकराची मुलगी, डी.एड.साठी नाशकात हॉस्टेलवर राहायची. रोहिणी इथलीच, रोज डबा दोघींपुरता आणायची. एकीचा श्वास कुठं संपतो ते दुसरीला न बघता कळायचं.

त्या वर्षी हॉलंडहून एक बाई आल्या आणि दोघींचं गाणं ऐकून गेल्या. शिष्यवृत्ती एकच होती. ती रोहिणीला मिळाली. मिसना डोळ्यांनी नीट दिसत नसे, त्यांचा पत्रव्यवहार शेजारी राहणारा सोमनाथ बघायचा. हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहून त्यानंच उज्वलाला ही बातमी सांगितली होती. सांगताना त्याचा चेहरा इतका पडला होता की उज्वलालाच त्याची समजूत घालावी लागली.

रोहिणी जाताना भेटायला आली नाही. येवल्याचे लोक पोरीला परदेशी पाठवणार नाहीत, असं तिनंच त्या बाईंच्या कानी घातलं, हे पुढे उज्वलाच्या कानावर आलं. मग रोहिणीची हॉलंडहून दोन पत्रं आली. उज्वलानं ती न उघडता फाडून टाकली. मिस त्याच पावसाळ्यात वारल्या आणि क्लास बंद झाला. उज्वला शाळेत शिक्षिका झाली. मुलांकडून कविता म्हणून घ्यायची, पण स्वतः कधी गायली नाही. सोमनाथ मात्र येत राहिला, मुंबईहून ऑपेराच्या कॅसेट मागवून देत राहिला. पुढे त्यांचं लग्न झालं.

पडद्यावर हार्पसिकॉर्ड, पियानोचा तो जुना भाऊबंद, वाजू लागला. बंदिवान राजाचं काम करणारा उंचापुरा माणूस बाईच्या आवाजात गायला लागला, तशी मागच्या रांगेत खसखस पिकली. दोन ओळींत ती थांबली. उज्वला पुढे सरकून बसली. त्यानं पहिला भाग साधा गायला, मधला रागानं गायला, आणि मग पहिलाच भाग पुन्हा घेतला. आता त्याच शब्दांवर इतक्या हरकती, इतकी नाजूक वळणं, की ते दुसरंच दुःख वाटावं. उज्वलाचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं. सोमनाथ पडद्याकडे न बघता त्या बोटाकडे बघत होता.

मग रोहिणी आली. अंगानं भरलेली, कपाळावर पिकल्या केसांची बट. छोटंसंच गाणं होतं, झोप न येणाऱ्या राणीला थोपटण्याचं. उज्वलाला वाटलं होतं, आपल्याला चीड येईल. पण तिसऱ्या ओळीला रोहिणीनं श्वास घेतला आणि इथं, नाशकातल्या खुर्चीत, उज्वलानंही घेतला. गाणं संपलं तेव्हा तिचे गाल ओले होते. हिनं मला फसवलं, ती मनात म्हणाली, पण गायली सुरेख.

मध्यंतर झालं. लोक समोसे आणायला उठले. पडद्यावर रंगमंचामागची मुलाखत सुरू झाली. सोमनाथ उठला, चल, बाहेर जाऊन कॉफी घेऊ म्हणाला. उज्वला हलली नाही. तोही परत बसला.

मुलाखत इंग्रजीत होती. आयत्या वेळी बदली म्हणून उभं राहताना भीती नाही वाटली का, असं मुलाखत घेणारीनं विचारलं. रोहिणी हसली. म्हणाली, मी पहिल्यापासून बदली गायिकाच आहे. इथली शिष्यवृत्ती माझी नव्हतीच. निवड माझ्या मैत्रिणीची झाली होती, माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगली गायची. तिनं पत्रानं नकार कळवला, म्हणून मला बोलावलं. ते टाइप केलेलं पत्र संस्थेनं मला निमंत्रणासोबत पाठवलं होतं. लग्न ठरलंय, येता येणार नाही, कुणी भेटायला येऊ नये, एवढंच त्यात होतं. मी इथून दोनदा लिहिलं. तिनं उत्तर दिलं नाही.

मग ती कॅमेऱ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "उज्वला, कुठं असशील तिथं सुखी राहा गं."

घंटा झाली. माणसं आपापल्या जागी परतू लागली. उज्वलानं मान वळवली. सोमनाथ समोर बघत होता.

"त्या वर्षी माझं लग्न कुठं ठरलं होतं?" तिनं विचारलं. "तुमची-माझी तर धड ओळखसुद्धा नव्हती."

थिएटरातले दिवे मंद झाले.

"मी ठरवलं होतं," सोमनाथ म्हणाला.