घरचा टवका

नवी गाडी घरी आली आणि मागच्या दारावर तांदळाएवढा ओरखडा निघाला. पेढे घ्यायला येणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला माझा नवरा जयवंत आधी ओरखडा दाखवत होता, मग गाडी. लग्नाआधी माझीही एवढी तपासणी झाली नव्हती. शोरूमवाल्यांना फोनवर फैलावर घेऊन झालं होतं. उद्या पॉलिश करून देतो, म्हणाले.

"आता पूजेकडे बघ जरा," मी म्हटलं.

नारळ फोडायचा मान त्याच्या आत्याचा. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं. तिने गाडीपुढच्या फरशीवर नारळ आपटला आणि करवंटीचा तुकडा उडून थेट बॉनेटवर बसला. रंगाचा टवका उडाला. आत्याचा चेहरा एवढासा झाला. मी जयवंतकडे बघायचं टाळलं.

त्याने वाकून टवका पाहिला, त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. "आता दृष्ट लागायची नाही," म्हणाला. "आत्या, पुढे बस. आधी तुला फिरवतो."

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या माणसाने मागचं दार चकचकीत करून दिलं. "साहेब, बॉनेटवरचा टवकाही भरून देऊ का?"

"नको," जयवंत म्हणाला. "तो घरचा आहे."