एक्केचाळीस नंबरची पुडी

नवा हुकूम आला अन् ठाण्यातली मुद्देमालाची खोली एकदाची उघडली. चोरांकडून जप्त केलेली एकेक वस्तू कॅमेऱ्यापुढं धरायची, तिची स्थिती लिहायची, नवं सील लावायचं. फौजदार ज्योत्स्ना मॅडम सकाळपासून त्यातच होत्या. तलवारी गंजलेल्या, साड्या उंदरांनी खाल्लेल्या, मोटारसायकलीला तर चाकंच नाहीत. सरकारच्या ताब्यात गेलं की वाटोळं ठरलेलं, मग माल चोराचा असो की सावाचा!

एक्केचाळीस नंबरच्या पुडीचं सील मात्र फुटलेलं निघालं. आत गळ्यात घालायची चांदीची डबी, लखलखीत. डबीत कुणाचंतरी इष्टलिंग. त्यावर कालचं भस्म.

मॅडमनी कॅमेरा बंद करायला सांगितलं नाही.

"शरणप्पा, हे सील कुणी फोडलं?"

हवालदार शरणप्पा या खोलीचे कारकून. निवृत्तीला चार महिने राहिलेले.

"मीच, मॅडम. चार वर्षं झाली. रोज सकाळी काढतो, पूजा करतो, परत ठिवतो."

"अहो, पुरावा आहे तो! उद्या चोर सुटेल. तुमची पेन्शन अडकेल."

"हाव. ठाऊक हाय. ज्याचं हाय तो काय गावला न्हाई. आमच्या लिंगायतांत लिंगाची पूजा एक दिस चुकवत न्हाईत. कुलपात घालून उपाशी ठिवायचं? माझ्यानं न्हाई झालं."

मॅडमना राग आला, पण नेमका कुणाचा ते त्यांनाच कळेना. सील फुटलं, कुणी फोडलं, कधीपासून, सगळं त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. आता चौकशी लागणार, हे दोघांनाही कळून चुकलं.

शेवटचा रकाना होता, 'निगा'. यादीत वर जप्त म्हशीपुढं तिथं 'रोज चारा' असं लिहिलेलं. एक्केचाळीस नंबरपुढं मॅडमनी लिहिलं, 'रोज पूजा'.



"आजची झाली?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. म्या दार उघडायच्या आधीच तुम्ही येऊन बसलाव."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. खिडकीत शरणप्पांचा जेवणाचा डबा न उघडलेला.

"म्हणजे तुम्ही अजून जेवला नाहीत?"

"ह्याच्या आधी कसा जेवू, मॅडम?"