दगडू, धोंडू, दगडाबाई

ज्या घरांत तान्ही मुलं दगावतात तिथं नर्सबाईंना आधी पाठवायचं, असं बहात्तर साली डॉक्टरांनी ठरवलं आणि दवाखान्यातल्या नव्या कारकुनाकडे, रंगनाथकडे, अशा घरांची यादी मागितली. त्यानं मृत्यूची वही उघडली तर कोरी. बारशाआधी गेलेलं पोर प्रवरेकाठच्या त्या गावात नोंदवतं कोण? मग रंगनाथनं डोकं लढवलं. आधीची मुलं गेली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून लोक दगडाधोंड्याचं नाव ठेवतात. त्यानं शाळेचं हजेरीबुक मागवलं आणि त्यातले सगळे दगडू, धोंडू, दगडाबाई वेचून काढले. एकतीस घरं सापडली! स्वतःवरच खूश होऊन त्यानं ती यादी दवाखान्यात पाणी भरणाऱ्या राहीबाईला वाचून दाखवली.

घागर खाली ठेवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई डोकं चालवलं, भाऊसाहेब. पर ज्या घरात दगडू म्हनून हाक मारायलाबी कुनी जगलं न्हाई, ते घर हितं कसं घावंल?"

"असं कुणाचं घर आहे?" रंगनाथनं पेन उचललं.

"चार पुरली मी. पाचव्याला सातवा म्हैना लागलाय."